आवक-जावक

मार्केट यार्डातून भूपाल पुढच्या दाराने येत नाही.
बोळातून, मागच्या मोरीकडे.
शर्ट, टोपी, चपला, सगळं पत्र्याच्या शेडमध्ये.
दोन बादल्या अंगावर, मग कानांमागे, मग पापण्या,
मग नाक शिंकरतो. ते पाणीसुद्धा पिवळं.
तोवर मी आतली कडी काढत नाही.
नऊ वर्षांत एकदाही म्हणाला नाही, उघड की.

लग्नात पाचजणींनी मला हळदीत बुडवून काढली होती,
तेव्हा साधी शिंकही आली नाही.
आता सौदे सुरू झाले,
की त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यात राहिलेली चिमूटभर पूड
मला पहाटे तीनला उठवून बसवते,
गुडघ्यांवर कोपरं, खिडकीच्या गजाला तोंड.

लोकांना वाटतं, दम्यात श्वास आत जात नाही.
जातो. आवक होते.
जावक अडते.
गोदाम भरलेलं, माल हलत नाही,
आणि दारात पुढची गाडी हॉर्न वाजवत उभी.

हे डॉक्टर मगदुमांना सांगितलं तर ते हसले नाहीत.
एक नळी दिली. जोरात फुंकायचं, आकडा येतो,
तो रोज लिहायचा.
वही भूपालने दुकानातून आणली, लाल कापडाची,
रकाने छापलेलेच होते : आवक, जावक, शिल्लक.
मी जावक भरते. सकाळी २८०. संध्याकाळी ३१०.
शिल्लक कोरी.

केरसुणी माळ्यावर गेली, फरशी ओल्या फडक्याने.
अभ्रे कढत पाण्यात, गाद्या उन्हात.
फोडणीत मिरची शेवटी, खिडकी आधी.
उदबत्ती बंद. देवाला म्हटलं, फुलावर भागव.
पुराच्या वर्षी भिंतीला छातीएवढं पाणी उभं होतं,
ती ओल अजून रंगाखालून वर येते,
म्हणून कपाट वीतभर पुढे ओढलंय, मागे हात घालून पुसते.
एक पंप रोजचा, बरं वाटलं तरी.
'बरं वाटलं तरी' खाली डॉक्टरांनी दोन रेघा मारल्यात.
दुसरा निळा, अडीनडीचा.

शेजारच्या अक्काताई म्हणतात, पंपाची सवय लागते हो.
श्वासाची आधीच लागलीये, मी म्हणते.

ऊस तुटायला लागला की पाचट पेटतं,
वाळत घातलेल्या चादरीवर काळी पिसं उतरतात.
त्या दिवशी आयर्विन पुलापर्यंतचं फिरणं नाही.
घरातच फेऱ्या, स्वयंपाकघर ते कॉट, कॉट ते स्वयंपाकघर.
भूपालही मुकाट बरोबर चालतो.
घर एवढंसं, वळताना धडकतो.

मे महिन्यात समडोळीला ऋजुताची हळद होती.
मी मांडवाच्या कडेला, रुमाल नाकाशी,
निघतानाच निळ्याचे दोन दाब घेऊन आलेली.
त्रिशलाकाकू, या की आत, बायका ओरडतायत,
आणि कुणीतरी परातीत कोरडी पूड ओततंय.
ढग उठला. उन्हात तो चांगला दिसतो.

भूपाल पुढे झाला,
बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुषमाणूस.
तांब्याभर पाणी परातीत ओतलं आणि म्हणाला,
ओली हळद उडत नाही.
एवढंच. तोलाराचं बोलणं, मापात.

मग ऋजुता आली,
पिवळं बोट माझ्या मनगटावर टेकवलं.
गार. जड.
छातीत शिट्टी वाजते का, मी कान लावून थांबले.
पण सनई वाजत होती मेली, काही ऐकू येईना.

रात्री दोघांनी मागच्या मोरीतच हात धुतले.
वहीत लिहिलं, जावक ३२०.
मनगटावरचा डाग तेवढा घासला नाही.
पंपानंतर चूळ भरलीस का, भूपालने अंधारातून विचारलं.
भरली, म्हणाले.
आणि तो घोरायला लागल्यावर
उठून भरून आले.